रियाचं रीडिंग

३ जून, मंगळवार

काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, एक वही करा, रोज चार ओळी लिहा. बरं! वहीला आपण भीत नाही. बावीस वर्षं कारखान्यात बॉयलरचं लॉगबुक लिहिलंय. दर तासाला प्रेशर, पाण्याची लेव्हल, खाली सही. रिया पोरगी आहे, बॉयलर नाही, एवढाच फरक. तिचं रीडिंग लिहायचं.

दवाखान्याचं पत्र एप्रिलमध्येच आलेलं. मार्चच्या ट्रिपच्या बसमध्ये जे जे होते त्यांनी येऊन तपासून घ्यावं, मनावर परिणाम झाला असेल तर उपचार मोफत. कोण जातंय! 'आमाला काय येड लागलंय?' सगळ्या बसचं एकच उत्तर. माझंही तेच. पण जयवंता पाठीस लागली. बायको माझी, एकदा लागली की सोडत नाही. 'तुमच्यासाठी नका जाऊ. रियासाठी जा. पोरगी अठराची हाय, सगळं आयुष्य पडलंय तिचं.' रियासाठी म्हटल्यावर गेलो.

हर्षला मॅडम नाव. माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. बरंच बोलल्या, मग फॉर्म पुढे केला. चष्मा नाही माझ्याकडे — तो तिकडंच राहिला, त्या बाजारात. शहराचं नाव इथे लिहिणार नाही. मॅडम म्हणाल्या, वाचून दाखवते. म्हटलं, राहू द्या, बापाची सही पाहिजे ना? घ्या. केली.

रीडिंग — झोप कमी. जेवण बरं. दचकणं दोनदा.

४ जून

रिया रात्री तीनदा उठली. मी दाराची कडी बघायला उठलो की लगेच तीही उठून बसते. 'लावलीय कडी, बाबा.' एवढी हलकी झोप चांगली नाही. मॅडमना सांगणे.

१० जून, मंगळवार

बाकावर तासभर. शिपायानं आजही माझंच नाव पुकारलं — पोरीच्या आधी बापाचं नाव, सरकारी पद्धत.

आत गेल्यावरही मॅडम रियाला कमी विचारतात, मला जास्त. साहजिक आहे. पोर दुखण्यात असली की बापालाच विचारतात. गर्दीत गेल्यावर काय होतं? मोठा आवाज झाला की? मी सगळं सांगितलं. बाजारात जाणं बंद झालंय. दारात कुणी पिशवी टेकवली की पोटात गोळा येतो. मॅडम म्हणाल्या, 'कुणाच्या?' म्हटलं, घरात सगळ्यांच्याच. रिया खिडकीबाहेर बघत होती.

श्वासाचा एक प्रकार शिकवला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. रिया म्हणाली, 'बाबा, तुमीपण करा ना माझ्यासंगती.' केला. पोरीसाठी माणूस काय काय करतो!

१४ जून

खदाणीवरच्या सोमाचा फोन. हल्ली रोज करतो. 'काका, पाच मिन्टांत सुरुंग उडवतोय. बसून घ्या.' भला माणूस. रियाची काळजी म्हणून करतो. पण आज ती मैत्रिणीकडे गेली होती, घरात नव्हतीच! त्याला सांगायचं राहिलं.

तरी मी मोरीत जाऊन बसलो. कोपरा बरा असतो, दोन बाजूंनी भिंत. बादलीचा कान धरून बसलो. उडाला सुरुंग. नंतर लगेच उठवेना. सकाळपासून चहाच झाला होता फक्त, त्यानं असेल.

१९ जून

आजचं लिहावं की नाही. लिहितो.

पहिली पाळी. प्रेशर ठीक, पाणी ठीक, सगळं ठीक. वळून बघतो तर फीड पंपाजवळ पिशवी. खाकी, तोंड बांधलेली. जवळ कुणी नाही. दहा मिनिटांपूर्वी तिथे नव्हती — शप्पथ नव्हती! कानात शीळ वाजायला लागली. तोंडाला कोरड. मी बॉयलर बंद केला आणि भोंगा मारला. दोनशे माणसं गेटबाहेर पावसात उभी. मी सगळ्यांच्या पुढे होतो, पार पाताळगंगेच्या पुलापर्यंत पळत गेलो. पायात एकच बूट होता, हे नंतर कळलं.

सेफ्टीवाल्यांनी पिशवी उघडली. स्टीलचा डबा, पंचा, चुन्याची डबी, बायकोपोरांचा एक फोटो.

मालोजीची पिशवी! माझा जोडीदार, ट्रिपहून परत न आलेला. त्याचा लॉकर रिकामा केला, त्यातली. कुणीतरी माझ्यासाठी आणून ठेवली, की भिवाजी त्याच्या बायकोला, उज्वला वहिनींना, पोचवेल. बावीस वर्षं त्या पिशवीतल्या डब्यातलं खाल्लं मी. आणि ओळखली नाही.

आमचे शिफ्ट इंजिनियर स्वराज साहेब. ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवला फक्त. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० जून

स्टोअरला बसवलं. नटबोल्ट मोजायचे. 'थोडे दिवस, भिवाजी.' घरी आजारपण असलं की माणसाचं लक्ष उडतं, साहेबांना कळतं ते. रिया बरी झाली की परत बॉयलरवर.

मालोजीची पिशवी माळ्यावर टाकली. पत्र्याच्या पेटीमागे, दिसणार नाही अशी. वहिनींकडे कोणत्या तोंडानं जाऊ?

२७ जून

रीडिंग — झोप नाही. जेवण नाही. दचकणं मोजलं नाही.

८ जुलै, मंगळवार

आज मॅडमनी रियाला विचारलं, त्या दिवशीचं सांगशील का? सांगायला लागली. चुकीचं सांगत होती! 'मालोजीकाका आपलेआपण पिशव्यांजवळ थांबले.' नाही. मला राहवेना. मध्येच बोललो, नाही, मी थांबवलं त्याला.

मग सांगावंच लागलं पुढचं. ट्रिपचा शेवटचा दिवस. बस बाजाराच्या दुसऱ्या टोकाला लागायची होती, म्हणून सगळ्यांच्या पिशव्या एका दुकानाच्या पायरीवर रचल्या. मी मोजल्या. अकरा. सवयच माझी, ठेवलं की मोजायचं. रियाला तहान लागली. मी म्हणालो, 'मालोजी, तू बस पिशव्यांजवळ, मी पोरीला पाणी घेऊन येतो.' तो म्हणाला, 'मला थंड आण रं.' तिला घेऊन दोन दुकानं सोडून तिसऱ्या दुकानात गेलो. हातात बाटली घेतली आणि समोरचं शटर आत आलं. आवाज नंतर. धूर, आणि कुणाचंच काही ऐकू येईना. रिया माझ्या शर्टाला धरून. चष्मा कधी पडला माहीत नाही.

पोलीस म्हणाले, बॉम्ब तुमच्या पिशव्यांतच ठेवला होता. म्हणजे बारा होत्या! मी ठेवताना मोजल्या, निघताना नाही. निघताना रीडिंग घेतलं असतं तर बारा आल्या असत्या. बावीस वर्षांत एक रीडिंग चुकवलं नाही मी. त्या दिवशी एक चुकलं आणि तिथे मालोजीला बसवून गेलो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. जयवंतालाही नाही. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. रियानं माझी करंगळी धरली, पहिलीत शाळेत जाताना धरायची तशी. मी रडलो. बाईमाणसापुढे, पोरीपुढे, हुंदके देऊन रडलो.

९ जुलै

झोपलो. सलग पाच तास! रियाही झोपली. रीडिंग सुधारतंय.

२८ जुलै

पुण्याच्या नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या यादीत रियाचं नाव नाही. भांडी लावता लावता तिनंच सांगितलं. 'नाय आलं, बाबा.' वाईट वाटलं — खोटं कशाला लिहू? हायसं वाटलं. पुणं म्हणजे स्टँड, बाजार, होस्टेल, जिथे तिथे कुणाच्यातरी पिशव्या. तिथे ही एकटी, आणि मोजणारं कुणी नाही. दुसरी यादी आहे म्हणे. तीही जाऊ दे अशीच.

जयवंता दिवसभर बोलली नाही माझ्याशी. मी काय केलं?

१६ ऑगस्ट

आळीत दहीहंडी. मी आत होतो, कानात कापूस घालून. रिया ओट्यावर उभी राहून बघत होती. 'बाबा, या ना बघायला.' गेलो. का गेलो! हंडी फुटली आणि कुणीतरी लड लावली.

मी रियाला उचललं आणि आत फेकलं. वर पडलो. डोकं दाबून धरलं तिचं. ती खालून ओरडत होती, 'बाबा, हंडी फुटली, हंडी! फटाके हायेत!' मला ऐकू येत होतं, पण हात सुटत नव्हते. चार माणसांनी सोडवलं. तिचं मनगट उंबऱ्यावर आपटलं. प्लास्टर.

सगळी आळी बघत होती. गोविंदा डोक्यावरच्या हेल्मेटसकट दारात उभे.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही. रिया आवाजाला दचकली नाही. मला दचकली. तिचे डोळे बघितले मी. तेव्हापासून भीती वाटतेय, नेहमीची नाही, दुसरीच. बाहेरून काही येईल म्हणून कड्या लावत होतो मी. आणि पोरीला लागलं ते माझ्या हातानं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मॅडमनी प्लास्टरकडे बघितलं. 'कोण घाबरलं होतं?' म्हटलं, मी. मग म्हटलं, रियासाठी घाबरलो. त्या म्हणाल्या, 'पहिलं वाक्य पुरे आहे आज.'

२९ ऑगस्ट

गौरी-गणपतीच्या गडबडीत दुसरी यादी लागली. रियाचं नाव आहे. दहा सप्टेंबरपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. होस्टेलच्या फॉर्मवर बापाची सही लागते.

मी म्हटलं, तब्येत बरी नाही तिची, पुढच्या वर्षी बघू. जयवंताच्या हातातला झारा तसाच राहिला. 'कुणाची तब्येत? पोरगी बरी हाय हो! कधीची बरी हाय!'

मी ओरडलो — 'तुला काय कळतं? रीडिंग माझ्याकडे आहे!'

वही आणली तिला दाखवायला. जूनपासून सगळं लिहिलंय, बघ म्हटलं. पानं चाळली. लिहिताना हाताच्या अंदाजानं लिहितो मी, मोठं मोठं. वाचायला गेलो तर माझं मलाच दिसेना. वही लांब धरली, जवळ धरली. तशीच धरून उभा राहिलो. रियानं वही घेतली नाही. म्हणाली, 'आदी चष्मा करा, बाबा. मग काय ते ठरवा. तुमी म्हणाल तसं करीन मी.'

२ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमचा गृहपाठ. कर्जतच्या बाजारात जायचं. एकट्यानं. चष्मा करायला टाकून यायचं. रिया नाक्यावर उभी राहील, पुढे येणार नाही.

नाही जमणार.

४ सप्टेंबर

गेलो.

नाक्यावरून चष्म्याचं दुकान दोनशे दहा पावलं. दर पन्नास पावलांनी थांबून श्वास, चार आत, सहा बाहेर. डोकं वर करून बघायचं नाही असं ठरवलेलं. पण बाजार तो! कुणी केळ्यांच्या घडासकट अंगावर येतंय, कुणी बाइक मध्येच लावलीय. पाठीला घामाच्या धारा. प्रत्येक पायरीवर पिशवी. तीन वेळा परत फिरलो, तीन वेळा परत वळलो. दुकानात नंबर तपासला, फ्रेम समोर आली ती घेतली, बाहेर पडलो.

परत येताना एक म्हातारी, करटोली-भारंगी अशा रानभाज्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली. मला बघून उठली. 'दादा, येवढं माजं बोचकं बघ रं. पानी पिऊन येते.' आणि गेली! मी नको म्हणायच्या आत गेली.

मी आणि बोचकं. लाल लुगड्याचं, गाठ मारलेलं. आत काय आहे दिसत नाही. तेच शब्द! मीच बोललो होतो, मालोजीला. तो बसला होता. एका शब्दानं नाही म्हणाला नाही. कानात शीळ सुरू झाली. दुकानं हलायला लागली. पळ, पळ, पळ. पण पळालो असतो तर कुणी तिचं बोचकं नेलं असतं. तिच्या अख्ख्या दिवसाची कमाई होती त्यात. एवढंच डोक्यात धरलं. आणि मालोजी. त्यालाही असंच वाटलं असेल, की आपण हललो तर कुणाची पिशवी जाईल.

थांबलो. शर्ट भिजला, तरी थांबलो. मोजत होतो. चारशे बारा आकडे झाले तेव्हा आली. चूळ भरून, पदरानं तोंड पुसत. 'बस की रं, उबा का?' एक करटोलं हातात दिलं. फुकट.

रिया नाक्यावर तशीच उभी होती. तिला करटोलं दाखवलं. हसायला लागली, मग रडायला लागली. मीही.

६ सप्टेंबर

माळ्यावरची पिशवी काढली, पुसली. उज्वला वहिनींकडे नेऊन दिली. सांगून टाकलं, मीच बसवलं होतं त्याला तिथे. वाटलं, हाकलतील. हाकलावं असंही वाटत होतं.

वहिनींनी डबा उघडून बघितला, बंद केला. 'तुमी नसतं सांगितलं तरी बसले असते ओ. गुडगा दुकत व्हता त्यांचा सकाळपासून. तुमाला नाय बोलले, हसाल म्हणून.' मग चहा ठेवला. बशीत ओतला, निवू दिला. शेवटी प्यायलो.

९ सप्टेंबर, मंगळवार

चष्मा आला. सगळं लख्ख! बाकावर बसलो होतो, वेळ होता, म्हणून रियाच्या हातातला केसपेपर घेतला. कितवी खेप बघावं म्हटलं.

नाव — भिवाजी. वय — ४९. सोबत — मुलगी. खाली माझी सही, ३ जूनची.

मागे मॅडमचं अक्षर. कडी तपासणं, रात्री सहा-सात वेळा. मुलीची झोप त्यामुळे मोडते. सुरुंगाच्या वेळी मोरीत बसतात. बॉयलर बंद केला. सगळं मी वहीत लिहिलेलं, माझंच. मध्ये एक ओळ — मुलगी तपासली, तिला उपचारांची गरज नाही. आणि जुलैच्या शेवटी — पहिल्या यादीत नाव आलं होतं, वडिलांना मंगळवारी कोण आणणार म्हणून मुलीनं जागा सोडली. वडिलांना माहीत नाही.

दोनदा वाचलं. रिया खिडकीबाहेर बघत होती.

तिच्या पिशवीतून होस्टेलचा फॉर्म काढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग सही केली. भीती गेलेली नाही, तशीच आहे. उद्या सकाळी रियाची पुण्याला सातची गाडी.

शिपाई बाहेर आला. 'भिवाजी कोण?'

हात वर केला. रियाला म्हटलं, तू बस, आज मी एकटा जातो.